विचारा तर खरं : पंखातली बोटं

गेल्या महिन्यात या पानावर दहावीच्या पुस्तकातल्या एका चित्राचा ओझरता उल्लेख केला होता. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर शेजारी शेजारी काढलेले, आणि चारींतली हाडं त्याच क्रमाने. त्यावर ठाण्यातून आणि खाडीपलीकडून इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. पित्त, केस गळणं आणि झुरळं यांवरचे प्रश्न पुढच्या अंकात. त्यातले निम्मे तसेही डॉक्टरांना विचारायचे आहेत.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. ते चित्र परीक्षेला येतं म्हणून पाठ केलंय, नावंही देता येतात. पण मला ते साम्य दिसतच नाही. बैलाचा पाय कुठे आणि माझा हात कुठे? खऱ्या वस्तूत बघता येईल असं घरात काही असतं का?
– एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : असतं. तुमच्याकडे कोंबडी खात असतील तर रविवारी बाबांना सांग, पंख अख्खे आणा. दुकानदार पंखाचं टोक छाटून फेकतो, त्यामुळे त्याला आधीच बजावायला लागतं. पंख नुसता मीठ घालून चांगला शिजवायचा, म्हणजे मांस सुटून येतं आणि सुरी लागत नाही.

खांद्याकडून सुरुवात कर. पहिल्या भागात एकच जाड हाड. तुझ्या दंडातही एकच आहे. चायनीजच्या गाडीवर चिकन लॉलीपॉप म्हणून देतात ते बहुतेक वेळा हेच, मांस एका टोकाला ढकलून उघडं केलेलं कोंबडीचं दंडाचं हाड. त्यानंतर कोपर. मग शेजारी शेजारी दोन हाडं, एक जाड, एक बारीक. (लॉलीपॉप या भागाचाही करतात, पण मग दोनातलं एक हाड आधी ओढून काढतात. पुढच्या वेळी खाताना कुठल्या भागाचा आला ते ओळख.) तुझ्या कोपरापासून मनगटापर्यंत चाचपून बघ, तिथेही दोन. तळहात उताणा-उपडा करताना त्यातलं एक दुसऱ्यावर आडवं येतं, ते बोटांना कळतं. कोंबडीला ही फिरकी नीट जमत नाही. तिला त्याची गरजही नाही.

मनगटात तुझी आठ छोटी हाडं. कोंबडीत सुटी दोनच सापडतील, बाकीची पुढच्या हाडाला चिकटून गेली. आणि आता ते टोक, जे कोणी खात नाही आणि शेवटी मांजरीला जातं. खरी मजा तिथे आहे. कातडी सोलून काढलीस की एक लांबट हाड दिसेल आणि त्याच्या मधोमध फट. ती फट म्हणजे तळहाताची दोन हाडं दोन्ही टोकांना जुळली आणि मधे राहिली ती जागा. टोक जिथे सुरू होतं तिथे वरच्या कडेला एक छोटासा टोकदार कोंब असतो, नखाने हलवला तर हलतो. हे एक बोट. खिडकीच्या ग्रिलवर कबुतर उतरताना नीट बघितलंस तर पंखाच्या पुढच्या कडेला पिसांचा एक छोटा झुपका उचलला जातो, तो याच बोटावरचा. मधलं बोट मोठं, पेरांचं. तिसरं त्याला खेटून, जेमतेम दिसेल इतकं. ही तीन म्हणजे आपल्या पाचांतली नेमकी कोणती, पहिली-दुसरी-तिसरी की दुसरी-तिसरी-चौथी, यावर प्राणिशास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त वर्षं वाद घातला आहे. त्यामुळे तुला पटकन ठरवता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.

एक, मग दोन, मग बारीकसारीक, मग बोटं. हा क्रम हातात आला की बाकीचं चित्र सोपं आहे. वटवाघळात चार बोटं प्रचंड लांबली आणि त्यांच्यामध्ये कातडी ताणली गेली. अंगठा मोकळा राहिला, त्याला नखी आहे, तिने ते फांदीवर सरपटतं. देवमाशात दंड आखूड झाला आणि बोटांना पेरं वाढली. बैलात तिसरं आणि चौथं बोट जोमाने उरलं, त्यांच्या मागची तळहाताची दोन हाडं मिळून एक नळी झाली. खूर म्हणजे त्या दोन बोटांची नखं. घरी बकऱ्याचे पाये आणले तर नळीचं खालचं टोक बघ. वर एकच असलेलं हाड खाली दोन गुळगुळीत कप्प्यांत संपतं, मधे खाच. दोन हाडं होती याची खूण तिथे शिल्लक आहे.

आता जे पुस्तकात ठसठशीत लिहिलेलं नसतं ते सांगते. हे साम्य कामासाठी लागणारं असतं तर मी त्याला फारशी किंमत दिली नसती. पण माशी उडते आणि तिच्या पंखात एकही हाड नाही. म्हणजे उडायला बोटं लागत नाहीत. तरी कोंबडीच्या पंखात बोटं आहेत, तीही मोडून, जोडून, चिकटवून बसवलेली. पाण्यात पर मारायला मनगट लागत नाही, मासे त्याच्याशिवाय मजेत पोहतात. तरी देवमाशाला मनगट आहे. कामाला नको असलेलं साम्य कुठून येतं? घराण्यातून येतं. या सगळ्यांच्या समान पूर्वजाकडे तसा अवयव होता आणि पुढच्यांनी तोच ओढूनताणून वापरला. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिही, पण शेवटी माशीचं हे वाक्य घाल. तपासणारा जागा असेल तर खूश होईल.

प्रश्न : फेब्रुवारीत नातवंडांना घेऊन ऐरोलीहून बोटीने खाडीत फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. नातू म्हणाला, ‘आजोबा, यांचे गुडघे उलटे का वाकतात?’ बोटीतल्या कोणालाच सांगता आलं नाही.
– वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ते गुडघे नाहीत, घोटे आहेत. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो आणि तो तुमच्या-माझ्यासारखाच पुढे वाकतो. घोट्याखाली जी लांबलचक काडी दिसते ते तळपायाचं हाड, आणि पक्षी उभा असतो तो नुसत्या बोटांवर. नातवाला चवड्यांवर उभं करा आणि टाच हवेत किती वर येते ते दाखवा. फ्लेमिंगोची टाच चिखलापासून फूटभर तरी वर असते, एवढाच फरक. सोसायटीतला कुत्राही असाच चालतो, मांजरही. घोडा तर एकेका पायाच्या मधल्या बोटाच्या नखावर सगळा डोलारा पेलतो.

तुम्ही गेलात ते पाणी २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, हेही नातवाला सांगा. शाळेत प्रकल्पाला उपयोगी पडेल.

प्रश्न : माकूल (स्क्विड) साफ करताना आतून लांब, पारदर्शक पट्टी निघते. सून म्हणते, हे समुद्रातलं प्लास्टिक त्याच्या पोटात गेलंय, आपण माकूल आणायचंच बंद करू. मी म्हणते, तो काटा आहे. आमच्यात पैज लागली आहे.
– दिवा कोळीवाडा, ऐरोली

उत्तर : पैज दोघीही हरलात, पण माकूल आणणं बंद करू नका. ते प्लास्टिक नाही आणि काटाही नाही. काटा म्हणजे हाड, आणि माकुलाला हाड नसतं. ती पट्टी म्हणजे त्याचा शिंपला.

माकूल माशांच्या टोपलीत असला तरी मासा नाही. तो तिसऱ्या, कालवं आणि गोगलगाय यांच्या घराण्यातला. त्या घराण्यात अंगावर एक मऊ पडदा असतो आणि शिंपला किंवा शंख तयार करणं हे त्या पडद्याचं काम. आता तुमच्या ताटातला माकूल आठवा. ज्या पांढऱ्या नळीचे आपण गोल काप करतो तो तोच पडदा. गोगलगाईत तो शंखाच्या आत असतो, माकुलात शिंपल्याच्या बाहेर. हे कसं झालं ते अंड्यात वाढणाऱ्या पिल्लात दिसतं. शिंपला तयार करणारी जागा गोगलगाईसारखीच पाठीच्या बाजूला येते, मग भोवतीचा पडदा तिच्यावर चढतो आणि कडा मिटतात. शिंपला आत कोंडला जातो. पुढे तो जाड होत नाही, चुना साठवत नाही, नुसती लवचिक पट्टी उरते. ताठ राहायला आणि स्नायूंना धरायला जागा मिळायला ती माकुलाच्या कामी येते.

माकुलाचाच जो रुंद, चपटा भाऊबंद बाजारात येतो, त्याच्या पाठीतून पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं काहीतरी निघतं. तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात, काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं. तोही शिंपलाच, त्यात चुना अजून आहे आणि हवेचे बारीक कप्पे आहेत, म्हणून तो तरंगतो. ऑक्टोपसमध्ये जवळजवळ काही उरलं नाही. त्यामुळे तो एवढ्याशा फटीतून निसटतो.

तुमच्या पट्टीत जे द्रव्य आहे त्याला कायटिन म्हणतात. तेच कोळंबीच्या सालीत असतं. पण म्हणून माकुलाची पट्टी आणि कोळंबीची साल एका वंशाच्या वस्तू होत नाहीत. साहित्य एक असलं तरी अवयव एक असेलच असं नाही. अवयव कुठे बसतो आणि कशातून उगवतो ते बघायचं.

याच माकुलाचा डोळा हा त्याचा उलटा नमुना. मोठा डोळा असलेला माकूल घ्या, डोळा अलगद चिरा. आत कडक गोल भिंग मिळेल, मागे काळा पडदा. बाहुली आहे, भिंग आहे, पडदा आहे, अगदी आपल्यासारखं. आणि तरीही हे साम्य वारशाचं नाही. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढून नसांचे धागे जातात आणि एका भोकातून गोळा होऊन मागे मेंदूकडे वळतात. त्या भोकापाशी आपण आंधळे असतो. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर शेजारी शेजारी दोन ठिपके काढा, डावा डोळा मिटा, उजव्याने डाव्या ठिपक्याकडे एकटक बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर उजवा ठिपका गायब होईल. माकुलाला असा आंधळा ठिपका नाही, कारण त्याच्या नसा पडद्याच्या मागूनच निघतात. दोन घराण्यांनी भिंगाचा डोळा आपापला, वेगवेगळ्या रस्त्याने तयार केला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, शिकवायला सोपं गेलं असतं. पण १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचा एक जनुक फळमाशीत भलत्या ठिकाणी चालू केला गेला. डोळा घडवायला सुरुवात करून देणारा हा जनुक. माशीच्या पायावर, पंखावर डोळे उगवले. उंदराचे नाहीत, माशीचे, ठिपक्याठिपक्यांचे. म्हणजे डोळा बांधायला घे असा हुकूम देणारा जनुक फार जुना आहे. माशी, उंदीर, माकूल आणि आपण, सगळ्यांनी तो एकाच पूर्वजाकडून घेतला. त्या पूर्वजाकडे फार तर उजेड-अंधार कळणारा ठिपका असेल. मग माकुलाचा डोळा आणि आपला डोळा एका वंशाचे की नाहीत? भिंग म्हणून नाहीत, त्यामागचा हुकूम म्हणून आहेत. सूनबाईंना हे सांगून पुढची पैज लावा.

प्रश्न : मी निवृत्त यंत्र अभियंता आहे. दोन आक्षेप आहेत. पहिला, समान पूर्वज असलेल्या अवयवांना समजात म्हणायचं आणि पुन्हा समजात अवयव हा समान पूर्वजाचा पुरावा मानायचा, हे गोल गोल फिरणं झालं. दुसरा, चांगला डिझायनर एकच भाग अनेक यंत्रांत वापरतो. निसर्गातही तसंच का नसावं?
– घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पहिला आक्षेप चांगला आहे, त्याला आधी घेते.

अवयव ओळखताना पूर्वज कोण हे बघायचंच नसतं. तो कशाकशाला जोडलेला आहे, गर्भात कुठून उगवतो, दोन टोकांच्या मधली रूपं सापडतात का, एवढंच बघायचं. आणि लोकांनी तसंच बघितलं होतं, उत्क्रांतीचं नावही नसताना. फ्रान्समधल्या पिएर बेलाँ यांनी १५५५ साली पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथात माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापला आणि जुळणाऱ्या हाडांना तीच अक्षरं दिली. रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये व्याख्या केली, तिचा आशय असा की रूप आणि काम काहीही असो, वेगवेगळ्या प्राण्यांतला तोच अवयव. डायनोसॉर हे नाव देणारे ते हेच ओवेन. त्यांच्या मते या साम्यामागे एक आदर्श आराखडा होता, वंशबिंश काही नाही, आणि पुढे डार्विनना त्यांनी कडाडून विरोध केला. म्हणजे तुमचा दुसरा आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द ओवेन आले, तुम्ही चांगल्या पंगतीला आहात. डार्विननी १८५९ मध्ये साम्य शोधलं नाही, ते आधीच टेबलावर मांडलेलं होतं. त्यांनी त्याचं कारण दिलं.

कारण खरं असेल तर ते दुसरीकडून तपासता यायला हवं. देवमाशाची गोष्ट घ्या. जीवाश्म अभ्यासणारे बरेच जण दातांवरून म्हणत होते की देवमासे नामशेष झालेल्या एका मांसाहारी, खुरांच्या गटातून आले. १९९० च्या दशकात डीएनए जुळवणारे म्हणाले, छे, त्यांचा जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे, म्हणजे ते गाय-बकरी-डुकराच्या गोतावळ्यातले. दोन्ही बाजूंनी भरपूर वाजलं. देवमाशाला मागचे पायच नाहीत, तर तपासणार काय? २००१ मध्ये पाकिस्तानातून सापडलेल्या, पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे जाहीर झाले. गाय-बकरीच्या गोतावळ्यात घोट्याचं एक हाड असतं, त्याला वरही कप्पी आणि खालीही कप्पी. दोन्हीकडे कप्पी असलेलं ते हाड इतर कुठल्या गटात तसं नसतं. देवमाशाच्या घोट्यात नेमकं तेच निघालं. डीएनए वाचणाऱ्याला घोटा माहीत नव्हता आणि घोट्याला डीएनए. तरी दोघांचं उत्तर एक आलं. दातांचं साम्य मात्र खाण्याच्या सवयीतून आलेलं ठरलं.

यातला पुढचा दुवा आपल्या जम्मू-काश्मीरमधला आहे. कालाकोटच्या खडकांतून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जीवाश्मांचा मोठा साठा जमवून ठेवला होता. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने तो अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे दिला. साफसफाईत एक कवटी फुटली आणि कानाच्या हाडाची एक भिंत फुगीर, जाड दिसली. तशी भिंत तोवर देवमाशांचीच खूण मानली जायची. हा प्राणी बारीक पायांचा, हरणासारखा, नाव इंडोहायस. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा देवमाशाचा सख्खा पूर्वज नव्हे, पण भावकीतला.

आता डिझायनर. एकच भाग अनेक यंत्रांत वापरणं वेगळं आणि अडचणीच्या जागीही तोच भाग वापरावा लागणं वेगळं. आपल्या स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूकडून निघते. स्वरयंत्र गळ्यात, म्हणजे काही बोटांचं अंतर. पण डाव्या बाजूची नस गळा ओलांडून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्यात येते. जिराफातही तिचा मार्ग हाच, फक्त फेरी काही मीटरची. माशात हिचीच बहीण कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून सरळ जाते, तिथे वळसा नाही कारण मान नाही आणि हृदय तिथेच. मान लांबली, हृदय खाली सरकलं, नस वाहिनीमागे अडकली ती अडकलीच. तुम्ही ठाण्यात राहता, रिडेव्हलपमेंट जवळून पाहिली असेल. इमारत पाडायची, लोकांना भाड्याने बाहेर पाठवायचं, नवा प्लॅन. उत्क्रांतीला इमारत रिकामी मिळतच नाही. माणसं आत राहत असताना, नळाला पाणी चालू असतानाच काय ते फेरफार करायचे, मग पाइप तीन खोल्यांना वळसा घालून जातात. तुमच्या हाताखालच्या ज्युनिअरने स्वरयंत्राच्या नसेचं हे ड्रॉइंग आणलं असतं तर तुम्ही सही केली असती का?

प्रश्न : मी खाडीकाठी फोटो काढतो. ओहोटीला चिखलात निवट्या (मडस्किपर मासे) हातांवर चालतात, अगदी कोपर टेकून. पाण्यातून जमिनीवर आलेला आपला पूर्वज तो हाच ना?
– कळवा

उत्तर : नाही. निवटीने मोहात पाडावं असंच तिचं चालणं आहे, पण नाही.

तुमच्या फोटोत तो कोपरासारखा सांधा मोठा करून बघा. निवटीच्या परात दंडाचं एकच हाड आणि पुढे दोन, असा क्रमच नाही. बुडाशी शेजारी शेजारी बसलेली छोटी हाडं आणि त्यांच्यापुढे पंख्यासारखे काटे, बहुतेक माशांत असतात तसे. सांधा आला आहे तो या हाडांच्या आणि काट्यांच्या मधे. तो दिसतो कोपरासारखा, वाकतो कोपरासारखा, पण आपलं कोपर त्या जागचं नाही. चिखलावर चालायची वेळ आली म्हणून निवटीने आपल्याकडे होतं त्यातून स्वतंत्रपणे केलेली सोय आहे ती.

आपल्या क्रमाचा मासा हवा असेल तर टिकटालिक बघा. कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर २००४ मध्ये सापडला, २००६ मध्ये जाहीर झाला, वय सुमारे ३७.५ कोटी वर्षं. खवले आहेत, कल्ले आहेत, पराला काटेही आहेत, पण पराच्या आत आधी एक हाड, मग दोन, मग मनगटाच्या जागी छोटी हाडं. निवटी ज्या माशांच्या फांदीवर आहे ती आपल्या फांदीपासून ४० कोटी वर्षांहूनही आधी फुटली. निवटी तुमची पणजी नाही, फार लांबची चुलतबहीण आहे, आणि आज तुमच्याइतकीच आधुनिक आहे. फोटो मात्र छान आलेत. भांडणाऱ्या दोघींचा पुढच्या अंकात छापावा असं संपादकांना सांगितलं आहे.

प्रश्न : तुमच्या सदरात हाडंच फार. आम्ही शाकाहारी माणसं. बाल्कनीत बोगनवेल, गुलाब, कागदी लिंबू आणि कृष्णकमळ एवढंच आहे. यात बघण्यासारखं काही?
– खारघर

उत्तर : तक्रार मान्य. तुमच्या बाल्कनीत एक पूर्ण धडा आहे.

बोगनवेलीचा काटा बघा. तो जिथून निघतो त्याच्या लगेच खाली पान असतं, किंवा पान गळल्याची खूण असते. पान आणि खोड यांच्या बेचक्यात फांदी येते, हा झाडांचा कायदा. म्हणजे हा काटा फांदी आहे, वाढ खुंटून टोकदार झालेली. लिंबाचा काटाही बेचक्यातच. आता कृष्णकमळाचा स्प्रिंगसारखा तणावा बघा, ग्रिलला विळखा घालणारा. तोही बेचक्यातून निघतो. एक टोचतो, दुसरा धरतो, कामं अगदी वेगळी, पण दोघंही मुळात फांद्या.

गुलाबाचा काटा मात्र कुठूनही उगवतो, बेचका वगैरे काही पाळत नाही. अंगठ्याने आडवा दाबलात तर खाडकन निघतो आणि सालीवर फक्त एक साफ डाग राहतो. कारण तो सालीचाच उंचवटा आहे, आत लाकडाचा धागा नाही. बोगनवेलीचा काटा असा काढून बघा, निघणार नाही, मोडेल. तेव्हा बोगनवेलीचा काटा आणि गुलाबाचा काटा यांचं साम्य फक्त बोटातून रक्त काढण्यापुरतं. निवडुंगाचे काटे तिसरेच, ती पानं आहेत. मटाराच्या वेलीचा तणावाही पानाचाच भाग, त्यामुळे त्याची आणि कृष्णकमळाच्या तणाव्याची गल्लत करू नका.

जाता जाता, बोगनवेलीचं ज्याला आपण रंगीत फूल म्हणतो ती पानं आहेत. फूल त्यांच्या मधली ती पांढरी बारीक नळी. आणि उपासाला बटाटा आणि रताळं एका ताटात येतात, पण बटाट्याला डोळे असतात, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, म्हणून तो खोड. रताळं मूळ.

बाल्कनीबाहेर जायचं असेल तर खाडीकडेच या. कांदळ आणि तिवर एकाच चिखलात, एकाच खाऱ्या पाण्यात उभे असतात, आपण दोघांनाही खारफुटी म्हणतो, आणि लोकांना ती सख्खी भावंडं वाटतात. बारकाईने बघितलं तर कांदळाची मुळं खोडातून कमानी टाकत खाली येतात, तिवराची चिखलातून सरळ वर डोकावतात. श्वासाची अडचण एक, उत्तरं दोन, कारण दोघांची कुळं निराळी. तिवराचं कूळ कुठलं, तर डीएनए जुळवल्यापासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला अडुळशाच्या कुळात धरतात. त्याच कुळात कोरांटी, खाडीकाठची काटेरी मारांडी, आणि ठाण्याच्या बाजारात गजऱ्यात मिळणारी अबोली. अडुळशाचं रोप मिळालं तर पानं बघा. प्रत्येक पेरावर जोडीने, समोरासमोर येतात. तिवराचीही तशीच येतात. पण तेवढ्यावरून नातं जुळवायला जाऊ नका, समोरासमोर पानं रुईलाही येतात आणि ती या कुळातली नाही.